सासूबाईंनी पास केलेला डबा

गल्लीत तिला सगळे तारवाली म्हणायचे, कारण घरामागच्या खोलीत ती रेडिओ दुरुस्त करत बसायची. तिचा नवरा दुधाचा ट्रक चालवायचा आणि डोंगर ओलांडला की त्याचा फोन मुका व्हायचा. म्हणून तिने इंटरनेटशिवाय निरोप पोचवणारे डबे बनवायला घेतले. एका डब्याने निरोप रेडिओवरून पुढच्याला द्यायचा, त्याने त्याच्या पुढच्याला.

पहिला डबा ट्रकच्या हादऱ्यांनी खिळखिळा झाला, दुसऱ्यात पाणी शिरलं. तेव्हा सासूबाईंनी पदर खोचला. तिसरा डबा त्यांनी जिन्यावरून खाली टाकला, बादलीत बुडवला आणि शेवटी त्याच्यावर स्वतः उभ्या राहिल्या.

"चालतोय गं अजून! आता खुशाल बसव," त्या म्हणाल्या.

तो डबा ट्रकमध्ये बसला. तसाच एक डोंगरमाथ्यावर, एक पाण्याच्या टाकीवर आणि एक तिच्या खोलीतल्या टेबलावर बसवला. सकाळी ट्रक निघाला तशी अर्धी गल्ली तिच्या खोलीत जमली. बराच वेळ काहीच होईना. तारवालीने सगळ्या तारा पुन्हा एकदा तपासल्या. एवढ्यात टेबलावरचा डबा वाजला आणि त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली, "डोंगरापलीकडे पोचलो. भाजीत मीठ जास्त झालंय."

भाजी सासूबाईंनी केली होती.

"लिही त्याला," त्या कडाडल्या, "उद्यापासून तुझी भाजी तूच कर!"

खोली हसण्याने दणाणून गेली. तारवालीने डोळे पुसत पुसत निरोप पाठवला. उत्तर लगेच आलं, "हा डबा बंद कसा करायचा?"

आता दुधाच्या सगळ्याच ट्रकांत तिचे डबे आहेत. बंद करायचं बटण मात्र तिने एकालाही ठेवलेलं नाही.