सड्यावरचे पंखे आणि इनासची होडी

किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही. सड्यावर वारा सुटला की पाचोळा दगडी गडग्याच्या आडोशाला येऊन पडतो, तशा गोष्टी माझ्या वॉचमनच्या केबिनीत येऊन पडतात. आमच्या गावाच्या माथ्यावरच्या या सड्यावर, कातळाच्या पठारावर, पवनचक्क्या उभ्या राहताहेत. गावात त्यांना पंखेच म्हणतात. चाळीस वर्षं मी आणि इनास एका होडीवर होतो. गुडघे गेले तसा मी इथे राखणीला लागलो. इनास अजून एकटाच दर्यात जातो. त्यामुळे मी बसतो तो पंख्यांकडे पाठ करून, नजर पाण्यावर. साहेब विचारतात, "आबा, चोर काय समुद्रातून येणार आहेत?"

*

साहेब म्हणजे शिंदे इंजिनिअर. घाटावरचे, तिशीच्या आतले. पातं चढवायचं तर वारा पडलेला लागतो, नाहीतर क्रेनला टांगलेलं पातं उघड्या दारासारखं आपटतं. साहेब कॉम्प्युटरवर वारा बघत बसायचे. चार दिवस क्रेन नुसती उभी. पाचव्या दिवशी मी म्हटलं, सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, दहाच्या सुमाराला मरतो. समुद्राकडचा खारा वारा सुटायला मग तासभर जातो. तेवढ्यात उचला.

सगळे हसले. दहा वाजता वारा पडला आणि पातं चढलं.

तेव्हापासून मला विचारल्याशिवाय साहेब क्रेनवाल्याला हाक मारीनात. एकदा मी रजेवर होतो. त्यांनी घरी फोन केला, तो आमच्या हिने उचलला. वारा पडला का हो आजी, असं साहेबांनी विचारलं.

ही म्हणाली, "थांबा हां. परसात लुगडा वाळत घातलंय. ता हलता काय बघून सांगतंय."

बारा माणसं आणि एवढी मोठी क्रेन लुगड्यासाठी थांबून राहिली!

*

इनासच्या घराकडे रस्ता वळतो. तिथे पात्याचा ट्रेलर अडकला. गडगा काढायचा की माड तोडायचा, यावर तीन दिवस बैठका झाल्या. इनासच्या बायकोने, मरीने, पहिल्या दिवशी पात्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टोकाकडच्या भागावर मीठ लावलेले बांगडे पसरले.

कंपनीचा माणूस धावत आला. हे केवढं महागाचं सामान आहे, कुठून आणलंय, सगळं त्याने तिला सांगितलं. मरी बांगडे उलटत होती.

"माका काय म्हायत? दोन दिस उन्हात पडलाहा. म्हटलंय, वाळत घालूकच आणलाहा."

शेवटी गडगा काढला. पातं दोनदा साबणाने धुतलं. तरी ट्रेलर सड्याला लागला तेव्हा त्याच्या मागून गावातली चार मांजरं चालत होती.

*

आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत, आणि त्यांतून होडीपुरती एकच वाट. ती दिसत नाही. किनाऱ्यावरच्या चर्चचा क्रूस आणि सड्यावरचं सातविणीचं एकटं झाड एका रेषेत आलं की होडी सरळ आत घालायची. बापजाद्यांपासून आमची हीच खूण.

क्रेनसाठी रस्ता केला तेव्हा सातवीण गेली. पहिला पंखा जवळजवळ तिच्याच जागी उभा राहिला, म्हणून इनासने खूण म्हणून तो धरला. मग त्याच्या डावीकडे दुसरा आला. इनासने मनाशी ठरवलं, आपला तो डावीकडून दुसरा. एक दिवस तो दर्यात असताना आणखी डावीकडे तिसऱ्याचा खांब चढला. संध्याकाळी परत येताना इनासने डावीकडून दुसरा धरला, आणि होडी खडकावर.

फळी फुटली. इनास पोहत आला आणि निथळत तसाच सड्यावर चढला. मला वाटलं आता भांडण होणार. तो साहेबांसमोर उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "सायबानू, मी सकाळी गेलंय तेव्हा दोन होते. सांजेक तीन. माणूस दर्यात आसताना अशी अदलाबदल करतत काय?"

साहेब सॉरी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी म्हापशाहून इनासची मुलगी आली. होडी पुन्हा एकदा खडकावर गेली तर ती विकायची, असं तिने बापाकडून कबूल करून घेतलं. तिचंही खोटं नव्हतं. इनास सत्तरीचा, एका डोळ्याला कमी दिसतं. पण होडी गेल्यावर तो दिवसभर करणार काय, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही. तेव्हापासून मला केबिनीत एका जागी बसवेना. दर थोड्या वेळाने उठायचं, होडी दिसते का बघायचं, परत बसायचं.

*

जाताना मुलीने त्याला बाईच्या आवाजात रस्ता सांगणारा फोन दिला. इनासने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. फळी बदलून होडी पुन्हा दर्यात गेली, आणि दोन दिवसांनी त्याने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाबल्या, ही बाय तूच ठेव. पाण्यात रस्तो गावना नाय तिका. होडी घेऊन माका हायवेवरच्या तळेऱ्याक जा म्हणान सांगता."

*

पहिल्या पंख्याला तांबडा पट्टा मारता येईल का, असं मी साहेबांना विचारलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की सगळे एकसारखेच दिसले पाहिजेत.

मी ते इनासला सांगितलं. तो म्हणाला, "देवान दोन माड सुद्धा सारके केल्यान नाय रे."

*

पुढे पंखे सहा झाले. इनासचा तो आता डावीकडून चौथा. चाचणी म्हणून साही फिरवायला घेतले होते. एका दुपारी खारा वारा भलताच जोरात सुटला आणि पाण्यावर धुरकट आलं. होडी ठिपक्याएवढी दिसत होती. ती आत येईना. खडकांच्या बाहेर घिरट्या घालत राहिली. खालून त्याला टोकाचे पंखे दिसत नसणार, हे माझ्या लक्षात आलं. मोजायला सुरुवात कुठून करायची? आणि वारा तर होडीला खडकांकडेच लोटत होता.

मी साहेबांकडे गेलो. बोलायला मला वेळ लागतो. ते थांबले.

"साहेब, पहिला पंखा बंद करा."

कारण काय, त्यांनी विचारलं. बंद केला तर रजिस्टरात कारण लिहावं लागतं. मी पाण्याकडे बोट केलं. साहेबांनी तिकडे बघितलं आणि जीप काढली. खांबाचं दार उघडून ते आत गेले. मी बाहेर उभा. पाती हळूहळू मंद होत होत थांबली.

होडीने आणखी एक घिरटी घेतली. मग ती जागच्या जागी डुलत राहिली. मग तिचं तोंड वळलं. क्रूसाच्या मागे ती दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने ती आतल्या शांत पाण्यात दिसली.

साहेबांनी मला जीपने खाली सोडलं. इनास होडी वर घेत होता. मी हात लावला. दोघांनी मिळून ती वाळूवर ओढली. आमचं तर काहीच ठरलं नव्हतं. थांबलेला पंखा हीच खूण, हे तुला कसं कळलं, असं मी त्याला विचारलं.

इनास जाळ्यातला एकेक मासा सोडवत होता. वर न बघताच म्हणाला, "बाकीचे सगळे गरगर फिरत होते. एकटोच गप उभो होतो. म्हटलंय, ह्यो बाबल्याच आसतलो."