खोड सांगा, पुस्तक घ्या

आमच्या भंडाऱ्याच्या चर्चमधली जुनी मंडळी कुठेही भेटू द्या, लग्नात, मयतीत नाहीतर एसटी स्टँडवर, आधी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि लगेच विषय निघतो शांताबाईंच्या कपाटाचा. एकानं किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, तिसरा म्हणतो, "अरे, तो असा नाही, तसा झाला होता!" बस निघून जाते, पण किस्से संपत नाहीत.

कपाट लोखंडी होतं, चर्चच्या मागच्या खोलीत. त्यात ख्रिस्ती पुस्तकं, बायबलच्या वचनांची कॅलेंडरं, संडे स्कूलची चित्रं असा सगळा माल. काळ म्हणाल तर सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागत होतं तेव्हाचा. शांताबाई मूळच्या नगरकडच्या, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, एकट्या राहणाऱ्या. दिवाळीनंतरच्या गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, आटपल्या की बाईंचा सीझन सुरू. नाताळला कुणाला काय भेट द्यायची, हे आम्ही नाही, बाई ठरवायच्या!

त्यांची पद्धत डॉक्टरसारखी. तुम्ही गेलात की पहिला प्रश्न, "कोणासाठी?" दुसरा प्रश्न, "त्याची खोड काय?" खोड सांगितली की बाई किल्ल्या वाजवत कपाट उघडणार आणि नेमकं त्याच खोडीवरचं पुस्तक काढून हातात ठेवणार. आळसावरचं वेगळं, चुगल्यांवरचं वेगळं, उधळेपणावरचं वेगळं. बदलून मिळायचं नाही!

\*

आता गंमत अशी, की आमच्याकडे भेटी नाताळच्या उपासनेनंतर अंगणात, चहा-करंज्यांबरोबर, सगळ्यांसमोर उघडायची रीत. म्हणजे कागद फाटला की अख्ख्या चर्चला तुमची खोड कळलीच!

यात सगळ्यांत जास्त हाल आमच्या खजिनदारांचे, वामनरावांचे. माणूस दणकट, आवाज त्याहून दणकट. त्यांच्या मागे नेहमी त्यांच्या बायको सुशीलाकाकू, एका हातात त्यांची छत्री, दुसऱ्या हातात त्यांचा चष्मा घेऊन. काकूंना चारचौघांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

तर वामनरावांना दर नाताळला रागावरचंच पुस्तक यायचं. देणारा दरवर्षी वेगळा, पुस्तक तेच! एका वर्षी त्यांनी कागद फाडला, कव्हर पाहिलं आणि असे कडाडले, "कोन म्हनते मी रागीट हाय?"

चर्चच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली. पास्टर हळूच म्हणाले, "कोणी नाही जी, कोणी नाही."

\*

तुमसरच्या एका किराणा शेठला आमच्यापैकी कुणीतरी वचनांचं कॅलेंडर भेट दिलं. खोड काय सांगितली, तर "शेठ उधारीचा वायदा विसरतात." बाई म्हणाल्या, "मग कॅलेंडरच द्या."

पुढच्या नाताळच्या आधी शेठ स्वतः भंडाऱ्याला हजर! आम्हाला वाटलं, तक्रार घेऊन आले. तशी तक्रार होतीच. "बाई, कॅलेंडर गजब हाय. आकडे मोठे, चष्मा लागत नाही. पन यात एकादशी काहून नाही?"

बाई म्हणाल्या, "आमच्यात नसते, शेठजी."

"असू द्या, मी पेननं टाकून घेतो. पन औंदा चार द्या. तिन्ही जावई मांगून राहिले!"

\*

आंबागडचे मेश्राम गुरुजी माझे मित्र. मी चर्चमध्ये पेटी वाजवायचो आणि गुरुजी ती ऐकायला यायचे. स्वतः बौद्ध, पण नाताळच्या करंज्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी बाईंकडे गेलो. खोड सांगितली, "त्यांच्या वर्गात पोरं झोपतात."

बाईंनी फ्लॅनेलच्या चित्रांचा संच दिला. कापडी फळ्यावर चित्र दाबलं की चिकटायचं. मेंढरं, मेंढपाळ, गोठा, आणि उंटांवरून भेटी घेऊन येणारे ते तीन पूर्वेकडचे ज्ञानी. गुरुजी खूश! मेंढरांवर वजाबाकी, उंटांवर राजस्थान. पोरं टक्क जागी.

मग तपासणी आली. साहेबांनी उंटांवरच्या तिघांकडे बोट दाखवून एका मुलीला विचारलं, "हे कोण?"

मुलगी उठली आणि खणखणीत म्हणाली, "तहसीलदार, तलाठी आन् कोतवाल!"

"आणि हातात काय आहे त्यांच्या?"

"गावातून जे भेटलं ते, जी!"

साहेबांनी शेरा उत्तम दिला म्हणे, पण चहा न घेताच गेले.

\*

एकोडीचे रामाजी धानाचे शेतकरी. त्यांची खोड, "प्रवचन ऐकायला बसत नाहीत." बाईंनी दिली हातानं फिरवायची तबकडी. वीज नको, सेल नको. बोट घालून गरगर फिरवली की आतून प्रवचन ऐकू यायचं.

महिन्याभरानं आम्ही एकोडीला गेलो तर अंगणात गर्दी! रामाजी तबकडी अशी भन्नाट फिरवत होते की आतला उपदेशक चिमणीसारखा चिवचिवत होता. पास्टर कळवळून म्हणाले, "अहो, हळू फिरवा!"

रामाजी म्हणाले, "काहून जी? हा पास्टर लय चांगला. भात शिजाच्या आत आटपते. तुमीबी याच्याजवळून शिकून घ्या ना!"

\*

आणि बाईंची एकमेव चूक. दोन पुडकी, दोन्ही एकाच वर्तमानपत्रात बांधलेली. एक चिखल्याच्या खाणीतल्या नव्यानं लग्न झालेल्या सुपरवायझरसाठी, दुसरं आमच्या सोनूबाई नर्ससाठी. सोनूबाई सत्तरीच्या, लग्नच न केलेल्या. पुडक्यांची अदलाबदल झाली. सुपरवायझरला मिळालं म्हातारपण शांतीनं कसं घालवावं ते, आणि सोनूबाईंना नवदांपत्याचा संसार!

सुपरवायझर बिचारा ते घेऊन खाणीवर गेला. सोनूबाई मात्र पुस्तक पूर्ण वाचून काठी टेकत कपाटाशी आल्या. "बाई, पुस्तक भेटलं. नवरा कोनत्या पार्सलात येऊन राहिला?"

\*

आता शेवटचा. हा सांगायला सगळेच भांडतात, पण मी तिथं पेटीला टेकून उभा होतो, म्हणून मी सांगतो.

त्या वर्षी वामनरावांनी कमिटीत विषय काढला. पंगतीचे मोठे गंज, म्हणजे भाताची भांडी, बाहेर गंजून राहिलेत. कपाट रिकामं करा, भांडी आत ठेवू. पुस्तकं कोण वाचते?

शांताबाई म्हणाल्या, "दर नाताळला लोक घेऊन जातात."

"दुसऱ्यासाठी नेतात! आजपर्यंत एका तरी मानसानं सोतासाठी पुस्तक मांगतलं काय? सांगा! नाताळपर्यंत एक मानूस दाखवा, कपाट तुमचं. नाहीतर गंज आत, पुस्तकं बाहेर."

ते खरं होतं. ते कपाट म्हणजे बाईंचं घरदार होतं. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मीच गेलो. "बाई, एक पुस्तक द्या. माझ्यासाठी."

"खोड?"

मला एकही आठवेना! बाहेर माझी बायको हसून हसून भिंतीला टेकली. बाई म्हणाल्या, "दयेपोटी आलात. जा, पेटी वाजवा."

नाताळ उजाडला. उपासना झाली, चहा झाला, भेटी उघडल्या. वामनरावांना परत रागावरचंच! ते ताडकन उठले, एक गंज उचलून थेट कपाटाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. बाईंनी कमरेची किल्ली सोडली. सगळं अंगण तिकडे लोटलं.

तेवढ्यात गर्दीतून सुशीलाकाकू पुढे आल्या. हातात छत्री, चष्मा.

"बाई, मले एक पुस्तक पायजे."

बाईंनी सवयीनं विचारलं, "कोणासाठी?"

"माह्यासाठी."

"खोड काय?"

काकूंनी एकदा वामनरावांकडे पाहिलं.

"सोसून घ्याची. लग्न झालं तवापासून लागली हाय. ती सुटाचं काही हाय काय तुमच्या कपाटात?"

शांताबाईंनी कपाट उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा, सुशीलाबाई. तुम्हाला एक पुरायचं नाही."

वामनरावांनी गंज खाली ठेवला. काकूंच्या हातातली छत्री घेतली, चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला, गंज पुन्हा उचलला आणि स्वयंपाकाच्या खोलीकडे चालू लागले.