घरचं मत

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या काचा घासतो. लहानपणापासूनच मूग गिळून बसणारा, त्यात दिवसभर त्या यंत्राची घरघर. त्याच्या वाटचं सगळं त्याची बायको बोलायची. माझी भावजय म्हणजे नुसती फटाकडी! आजारानं अंथरुणाला खिळली, पण जीभ शेवटपर्यंत मोकळी.

तिनंच याला वाचनालयातल्या चर्चामंडळात पिटाळलं. "जरा माणसांत बस, आणि येताना माझ्या डोक्याला काहीतरी खाद्य आण." मंडळ चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांची पद्धत अशी, की दर आठवड्याला एक प्रश्न द्यायचा, तो प्रत्येकानं घरी न्यायचा आणि पुढच्या वेळी आपलं नव्हे, घरच्या माणसाचं मत सांगायचं. एकदा प्रश्न होता, माफ करावं की विसरावं? हा उभा राहिला आणि म्हणाला, "आमची ही म्हणते, दोन्ही नको. आधी कडकडून भांडावं, मग चहा प्यावा." सगळा हॉल हसला. तेव्हापासून याची पाळी आली की लोक सरसावून बसायचे.

मग ती गेली. काही आठवडे हा तिकडे फिरकला नाही. पुन्हा गेला, तर बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतात वहिनी?" याला सांगवेना. सुचेल ते बोलून मोकळा झाला. लोक म्हणाले, "वहिनींचं डोकं चालतं हं!" झालं! मग काचा घासता घासता हा दर आठवड्याला तिचं मत तयार करू लागला.

मला कळलं तेव्हा मी चांगलं फैलावर घेतलं. "अरे, गेलेल्या माणसाच्या नावावर काय खपवतोस?"

"ताई, तिथं अजून तिला कुणीतरी विचारतं गं."

मी कपाळावर हात मारला.

पण बाईंना काय सुचावं? वहिनींना येता येत नाही ना, मग पुढची बैठक त्यांच्याच घरी, त्यांच्या पलंगाभोवती! हा घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "ताई, तासभर तिच्या पलंगावर झोपशील?"

"डोकं फिरलंय का तुझं? आणि तिच्यासारखं बोलायचं कुणी?" मी त्याला हाकललं आणि मग एकटीच रडत बसले.

शेवटी मंडळी आली तेव्हा त्यानं दारातच खरं सांगून टाकलं. चहाचं बघायला म्हणून त्याच्याकडे गेलेली मी आतून ऐकत होते. कुणी रागावलं नाही. बाईंनी त्याचे हात हातात घेतले. सगळे त्या रिकाम्या पलंगाजवळ थोडा वेळ बसले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात तो मंडळात गेला तेव्हा मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. संध्याकाळी परत आला तो चपला न काढताच माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"काय रे, बोललं का कुणी काही?"

"छे! फार चांगले वागले सगळे. बाई म्हणाल्या, बाकीचे घरचं मत आणतील, तुम्ही आता तुमचंच सांगत जा."

"मग बरंच झालं की!"

तो भिंतीला टेकला. गेले कित्येक महिने न आलेलं रडू त्याला आता फुटलं.

"ताई," तो म्हणाला, "आज ती गेली गं."