वाक्य पुरं होईपर्यंत

आमच्या शेजारच्या सरांचं आयुष्य रशियन शिकवण्यात आणि भाषांतरं करण्यात गेलं. आता ते मालवणात राहतात, पण मालवणी बोलत नाहीत. मासळीबाजारात बांगड्यांचा भावसुद्धा छापील मराठीत विचारतात. त्यांचा एक हट्ट आहे: समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. घाई केली की म्हणतात, "अर्धं वाक्य म्हणजे अफवा." माझं डोकं फिरतं.

परवा समोरची काकी मोबाइल हातात धरून धावत आली. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला. बोटीवर अपघात झाला, एवढंच एजंटने कळवलं होतं. आता रशियातल्या इस्पितळातून फोन आला होता आणि पलीकडची नर्स रशियनखेरीज काही बोलत नव्हती.

"सर, ही बाय काय सांगता?"

सरांनी स्पीकर लावला, नर्सला दोन शब्द विचारले, डोळे मिटले आणि एक बोट वर धरलं. नर्स थांबेचना. काकीची नखं माझ्या दंडात रुतली.

"माझो झील जिवंत आसा मा?"

बोट तसंच वर. मला ते मोडावंसं वाटलं.

नर्स बोलत असतानाच सरांनी डोळे उघडले. "जिवंत आसा गो," ते म्हणाले. चक्क मालवणीत.

काकी रडायला लागली. सरांचं बोट मात्र खाली आलं नव्हतं. नर्सचं बोलणं संपलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुर्ची आणा. उरलेलं तिला बसून ऐकू दे."