मागाला बांधलेली झोळी

गुळेदगुड्डच्या खालच्या गल्लीत दानव्वाइतका सरळ काठाचा खण विणणारी दुसरी बाई नव्हती. हे तिची सासूसुद्धा मान्य करायची, म्हणजे बघा. निंगव्वाच्या तोंडून सुनेचं कौतुक निघणं सोपं नव्हतं. एरवी तिचं एकच पालुपद: "किती हाका मारायच्या गं? बहिरी का काय तू?" मागावर बसलेल्या बाईला हाक ऐकू जात नाही, हे जन्मभर माग चालवलेल्या निंगव्वाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मग सासूपणा करायचा कुठं?

दानव्वाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. बनशंकरीला, म्हणजे शाकंभरीला, नवस बोलून झाली म्हणून नाव ठेवलं शाकव्वा, घरात शाकू. अंग जरा सावरल्यावर दानव्वा पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. घरात नवऱ्याचा, संगप्पाचा एक माग आणि तिचा एक. पोराला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नाही. ज्या वरच्या दांडीला धागा ठोकून बसवायची फणी लोंबते, तिलाच जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. आई पायाखालची पावडी दाबते, फणी ठोकते, आणि ठोक्यागणिक झोळी हलते. झोका द्यायला वेगळं माणूस लागत नाही.

शाकू अशी गाढ झोपायची की बघत राहावं. पण धागा तुटून माग थांबला की लगेच डोळे उघडायची. "केवढ्या तिखट कानाची आहे बघा," निंगव्वा गल्लीभर सांगत फिरायची. "माग थांबलेला झोपेत कळतो हिला. विणकराचं रक्त आहे."

वर्ष सरलं तरी पोर आईला 'अव्वा' म्हणेना. मधे काही दिवस बा-बा करायची, तेही बंद झालं. बनशंकरीच्या जत्रेत अगदी शेजारी फटाक्यांची माळ लागली. बाकीची पोरं आयांच्या पदरात शिरली आणि शाकू हातातला चुरमुरा निरखत बसली. दानव्वाने ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. बोललं की खरं होतं, असं तिला वाटायचं.

अंगणवाडीच्या गिरिजक्काच्या मनातही पाल चुकचुकली. ती घरी आली, फरशीवर खेळणाऱ्या शाकूच्या मागं जाऊन बसली आणि पितळी ताट दणदिशी खाली आपटलं. शाकूने मान वळवली.

"झालं समाधान?" निंगव्वा म्हणाली. "आमच्या घरात कुणी मुकं-बहिरं नाही. हिचा बापसुद्धा उशिराच बोलला. आता बोलून बोलून डोकं खातो."

"तुम्ही दोघी मला बोलू देता कुठं?" संगप्पा मागावरून म्हणाला.

सगळे हसले. दानव्वाही हसली. गिरिजक्का चहा पिऊन निघाली, पण चप्पल घालता घालता हळूच म्हणाली, "तरी एकदा बागलकोटच्या दवाखान्यात दाखव गं. ताटावर माझा भरवसा नाही."

अमावास्येला माग बंद असतात. त्या दिवशी दानव्वाने शाकूला कडेवर घेतलं आणि बस धरली.

दवाखान्यात तपासणीच्या बाईंनी शाकूला दानव्वाच्या मांडीवर बसवलं, मागं उभ्या राहून आधी खुळखुळा वाजवला, मग घंटा, मग लहानसा ढोल. शाकू समोरच्या पंख्याकडं बघत होती.

"ऐकते हो ती," दानव्वा म्हणाली. "माग थांबला की झोपेतून उठते. ताट वाजवलं तर वळून बघितलं तिनं."

"ताट कुठं वाजवलं?"

"फरशीवर."

"आणि ही कुठं होती?"

"फरशीवरच की."

"झोपते कुठं?"

"झोळीत. मागाच्या दांडीला बांधलीय." बोलता बोलता दानव्वाचा आवाज खाली गेला.

बाईंनी ढोल टेबलावर ठेवला. "झोपेत तपासू या," त्या म्हणाल्या. "झोपेतली तपासणी कुणाला फसवत नाही."

शाकूला झोपेचं औषध पाजलं. तरी ती झोपेना. थोपटलं, खांद्यावर घेतलं, खोलीत फिरवलं, उपयोग शून्य. झोपली नाही तर पुन्हा यावं लागेल, असं बाई म्हणाल्या. तेव्हा दानव्वा खुर्चीवर बसली आणि पावडी दाबावी तसे पाय एकाआड एक दाबू लागली. मधेच मांडीला बारीकसा झटका, फणी ठोकल्यासारखा. शाकूच्या पापण्या मिटल्या.

त्या खोलीत माग नव्हता, आवाजही नव्हता. फक्त तिचे पाय हलत होते. पोर झोपायची ती आवाजावर नाही, हादऱ्यावर. दानव्वाला कळायचं ते तिथंच कळून चुकलं.

पुढचं तिनं नुसतं पाहिलं. शाकूच्या कपाळावर, कानांमागं वायरी चिकटवल्या, कानांत बोंडं घातली. बाई यंत्रावर आवाज वाढवत गेल्या. शेवटी ती टकटक बोंडातून बाहेर दानव्वाला ऐकू यायला लागली. शाकूच्या कानात ती केवढी वाजत असेल! पोरीची पापणीसुद्धा हलली नाही.

"दोन्ही कान फार अधू आहेत," बाई म्हणाल्या. "ऐकायची यंत्रं लावू, बोलायला शिकवू. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. यंत्रं लागली की मागाजवळ ठेवू नका. त्या खडखडाटात तुमचा शब्द तिच्यापर्यंत पोचायचा नाही."

"बरं."

"रडायचं असलं तर रडा थोडं."

"नको. गुळेदगुड्डची बस कितीला आहे?"

घरी भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. संगप्पा ताटावरून उठून बाहेर जाऊन बसला. "त्या यंत्राला काय कळतंय," एवढंच निंगव्वा पुटपुटली. दानव्वाला ना राग आला ना रडू. दुसऱ्या दिवशी तिनं रोजच्याइतकाच खण विणला.

यथावकाश यंत्रं आली. पहिल्या दिवशी शाकूने ती दोनदा ओढून काढली. दानव्वाने दांडीची झोळी सोडली आणि आतल्या खोलीत आढ्याला बांधली. सोडताना गाठ सुटेना, दातांनी सोडवावी लागली. मग शाकूला कसंबसं आत झोपवून ती मागावर बसली.

दोन्ही माग चालू होते. परसातून निंगव्वा तरातरा आली आणि तिनं सवयीनं दानव्वाच्या खांद्याला हिसका दिला.

"अगं, पोर केव्हाची रडतेय! बहिरी का काय..."

आणि तिची जीभ तिथंच अडली. संगप्पाचा माग थांबला, दानव्वाचाही. तेव्हा कुठं आतलं रडणं ऐकू आलं. पोरीचा घसा रडून पार बसला होता. किती वेळ हाका मारत होती, कुणास ठाऊक.

निंगव्वा भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्या तोंडाला आग लागो," ती म्हणाली.

दानव्वा आत गेली. शाकू घामाने निथळत होती. तिला छातीशी घेऊन दानव्वाने तिच्या कानातल्या यंत्राशी तोंड नेलं.

"ऐकलं गं बाई," ती म्हणाली. "उशिरा ऐकलं, पण ऐकलं."

शाकू रडायची थांबून तिच्या तोंडाकडं बघायला लागली. आणि इतक्या दिवसांनी दानव्वा रडली.