पाच नंबर की सहा नंबर

चंद्रहास कोपरकरला एखादी वस्तू निवडायला सांगणं म्हणजे त्या वस्तूवर पाणी सोडणं, हे पूर्णिमाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. मिक्सर घ्यायचा तर हा माणूस मोटारींच्या ताकदीवर वाचत बसला, आणि तोवर ती शेजारणीकडून चटणी वाटून आणत राहिली. आयर्लंडात डंडॉकला आल्यावर घराला पडदे लागायला अख्खा हिवाळा गेला. कारण काय, तर कुठलं कापड किती उजेड अडवतं यावर साहेबांचं एकमत होत नव्हतं. एकमत म्हणजे स्वतःचं स्वतःशीच! ऑफिसात मात्र याच गुणाचं कोण कौतुक. डेटाबेस सांभाळणारा माणूस शंकेखोर असलेलाच बरा, असं त्याचा मॅनेजर म्हणे. म्हणायला काय जातंय? तो काही त्याच्याबरोबर राहत नव्हता.

अशा माणसाच्या हातात बंदूक कशी आली, असं पुण्याचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवर विचारत. त्याला कारण फेलिम.

फेलिम मॅकार्डल म्हणजे त्यांच्या मागच्या कुंपणापलीकडचा शेतकरी. पंचाहत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, स्वतःची गुरं विकून कुरण दुसऱ्याला चराईला दिलेलं. हा म्हातारा बेल न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराने आत येई, खुर्ची ओढून बसे आणि पूर्णिमाचा आल्याचा चहा दोन कप पिऊन जाई. त्यानेच चंद्रहासला आपल्या गन क्लबात नेलं. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या उडतात आणि त्या हवेतच फोडायच्या असतात. पडदे न निवडता येणारा चंद्रहास तबकड्या मात्र धडाधड फोडू लागला. पुढे फेलिमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा त्याने आपली बंदूक रीतसर चंद्रहासच्या लायसन्सवर चढवून दिली. पोलीस घरी येऊन लोखंडी कपाट तपासून गेला. ज्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत फडताळात, पूर्णिमाला फराळाचे डबे ठेवायचे होते, त्याच प्रेसमध्ये ते कपाट भिंतीला ठोकलं गेलं. तिने तेही चालवून घेतलं.

मग दोन हजार वीस साल आलं, कोविड आला आणि फेलिम महिनोन्‌महिने घरात एकटा अडकला. त्याची मुलगी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नर्स. तिने नोव्हेंबरात ठरवून टाकलं की बाबा आता एकटे राहायचे नाहीत. ख्रिसमसच्या आधी काउंटीबाहेर जायला परवानगी मिळाली की ती येणार आणि त्याला कायमचं घेऊन जाणार. बरोबर बेसही जाणार. बेस ही त्याची तपकिरी-पांढरी स्पॅनियल कुत्री. म्हातारी, एका कानाने बहिरी, पण झुडपातला पक्षी उठवायचा आणि पाडलेला पक्षी तोंडात धरून मालकाला आणून द्यायचा, या कामात तिचा जन्म गेलेला. वॉटरफोर्डच्या मुलीच्या घरामागे अंगण होतं ते सतरंजीएवढं.

फेलिमने चंद्रहासकडे एकच गोष्ट मागितली. कुंपणाशी उभा राहून तो म्हणाला, "जायच्या आधी एकदा बेसला माझ्या शेतात काम करताना बघायचंय. एकच नर फेझंट. पक्षी तू पाड, ती आणेल, मी जीपमध्ये बसून बघेन. काडतूस सहा नंबर घे, तीस ग्रॅमचं. आणि आतलं बूच प्लास्टिकचं नको, कुरणात पडलं की गुरं खातात."

झालं! नंबर सांगितला, वजन सांगितलं, बुचासकट सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणी दुकान उघडताच डबा उचलून आणला असता.

चंद्रहासने त्या रात्रीपासून वाचायला घेतलं. काडतुसातल्या छर्‍यांचा नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा, हे त्याने पूर्णिमाला भाजी चिरताना समजावलं, इस्त्री करताना समजावलं आणि ती तिच्या ऑफिसच्या कॉलवर असताना म्यूट असल्याची खात्री करून पुन्हा समजावलं. पाच नंबर घेतला तर छर्रे मोठे पण कमी, सहा घेतला तर बारीक पण जास्त. मग तो अमेरिकनांच्या नादी लागला. तिकडे रानात टर्की मारतात. ते टोपीवाले बाप्ये व्हिडिओत पोटतिडकीने सांगत की चार नंबरपेक्षा बारीक छर्रा घेऊच नका, आणि हा माना डोलावे.

"अरे, टर्की आयर्लंडमध्ये फक्त ओव्हनमध्ये असते," पूर्णिमा म्हणाली. "तुला मारायचाय फेझंट. कोंबडीएवढा पक्षी आहे तो."

"बेसिक फिजिक्स सेमच आहे ना पण."

"फेलिम सहा म्हणाला ना? विषय संपला ना यार!"

"तो सहा म्हणाला, पण त्याने कंपेअर कुठे केलंय? त्याचे वडील सहा वापरायचे म्हणून तो वापरतो."

पूर्णिमाने कपाळावर हात मारला.

डिसेंबर लागला, दुकानं उघडली आणि चंद्रहास दोन्ही नंबरांचे डबे घेऊन आला. मग पूर्णिमाच्या नव्या टेबलाचं खोकं फाडून त्याचे पुठ्ठे फेलिमच्या गोठ्यामागे उभे केले, त्यांवर बार काढले आणि स्केचपेनने भोकं मोजत बसला. पहिला रविवार त्यात गेला. दुसऱ्या रविवारी वारा जास्त होता म्हणे. दोन्ही रविवारी फेलिम सकाळपासून बूट चढवून तयार होता आणि बेस दाराशी बसून होती. हे पूर्णिमाला तिच्या वरच्या खिडकीतून दिसायचं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी तिने स्वतःच दोन्ही डबे उचलले आणि दुकानात नेले. यातला कुठलाही एक परत घ्या, म्हणजे घरात निवडायला काही उरायला नको, असा तिचा सरळ हिशेब. दुकानदार तिला बघून दोन पावलं मागे सरला. लायसन्स कुणाचं आहे? नवऱ्याचं. मग बाईसाहेब, तुम्ही हे डबे घेऊन फिरायचंसुद्धा नाही, आधी घरी जा आणि कुलपात ठेवा. ती तणतणत परत आली. चंद्रहासने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याला विचारलंस का, ओल्या हवेत पाच बरा की सहा?"

तेव्हा ती जे ओरडली ते बहुधा वॉटरफोर्डलाही ऐकू गेलं असेल. मुलगी येत्या मंगळवारी येणार होती. उरला होता एक रविवार.

"या रविवारी गेला नाहीस तर मी फेलिमला सांगेन की माझा नवरा बिनकामाचा आहे," ती म्हणाली. "आणि मी पण येतेय. मला तुझा भरवसा नाही."

रविवारी धुकं होतं, पाऊस नव्हता. फेलिमने जीप फाटकाशी लावली, काच खाली केली आणि मांडीवर घोंगडी घेऊन बसला. पूर्णिमा शेजारी उभी राहिली. फेलिमने जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला आणि बेस सुटली. घरात पाय ओढत चालणारी ती कुत्री झुडपांच्या रांगेत शिरली आणि तिचं शेपूट असं काही फिरू लागलं की फेलिम पुढे वाकला आणि त्याने जीपचं दार घट्ट धरलं. मागून चंद्रहास चालला होता. नवे बूट, कानटोप्यावर महागाची ट्वीडची कॅप, हातात मधून मोडून उघडी धरलेली बंदूक.

काटेरी झुडपातून नर फेझंट फडफडाट करत उठला. लांब शेपटी, तांबूस अंग, आरडाओरडा करत तो सरळ वर गेला. इतका सोपा नेम तबकडीचाही नसतो. बेस शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी बसली आणि मान वर करून बार होण्याची वाट बघू लागली.

बार झालाच नाही. पक्षी जीपच्या टपावरून पलीकडच्या रानात निघून गेला. बंदूक अजून उघडीच होती, आणि चंद्रहासच्या एका हातात पाच नंबरचं काडतूस होतं, दुसऱ्या हातात सहाचं.

पूर्णिमा चिखलातून धावत गेली. "अरे काय माणूस आहेस तू! आत्तासुद्धा? आत्तासुद्धा ठरत नाहीये तुझं?"

"मला नाही मारायचा तो," चंद्रहास म्हणाला.

"काय?"

"पहिल्यापासूनच नव्हता मारायचा. मला जमणार नाही, पूर्णिमा. तबकडी वेगळी."

"मग हे नोव्हेंबरात सांगायचं ना! आमच्या डोक्याला एवढा ताप कशाला दिलास?"

"सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं." तो काडतुसांकडे बघत होता. "आठ वर्षं झाली इथे. सगळे गोड बोलतात. पण आपल्याकडे येऊन बसणारा हा एकच आहे."

पूर्णिमाने पायांचा चिखल गवताला पुसला. राग गेला नव्हता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी या माणसाने महिनाभर नंबर घोकले आणि पुठ्ठ्यांना भोकं पाडली, म्हणून तो उलट वाढलाच होता.

"काय म्हणतोय तो?" फेलिमने जीपमधून हाक मारली.

तिने खोटं बोलायचा विचार केला आणि मग जे होतं ते सांगून टाकलं. पक्षी मारणं याला जमत नाही. हे सांगितलं तर तुम्ही याला सोडून द्याल अशी याला भीती वाटली.

फेलिमने मांडीवरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाला, "मला सांगायला हवं होतं. क्लबातला डेक्लन आला असता त्याची बंदूक घेऊन." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "माझं ठीक आहे. पण तिला कोण सांगणार?"

बेस अजून तशीच बसली होती, मान वर करून. बार व्हायचा होता, मग तिचं काम होतं.

चंद्रहासने तिच्याकडे बघितलं. हातातलं एक काडतूस खिशात गेलं, दुसरं बंदुकीत. कुठलं ते त्याने बघितलंदेखील नाही. रिकाम्या दलदलीच्या बाजूला वळून त्याने आभाळात बार काढला, आणि त्याच क्षणी पूर्णिमाने त्याच्या डोक्यावरची ती महागाची कॅप ओढून काढली आणि होती नव्हती ती ताकद लावून झुडपांपलीकडे भिरकावली.

बेस धावली. अडखळली, झुडपात दिसेनाशी झाली, तिकडेच राहते की काय असं वाटलं. मग ती आली, कॅप हलकेच दातांत धरून, चंद्रहासच्या पायांवरून सरळ पुढे जीपपर्यंत. पुढचे पाय पायरीवर टेकवून तिने ती चिखलाची कॅप फेलिमच्या हातात दिली.

"ग्रँड," फेलिम म्हणाला. "ग्रँड, बेस." तो तिच्या चांगल्या कानाशी बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिला. कॅप त्याने परत केली नाही, मांडीवरच ठेवली.

चंद्रहास जीपपाशी येऊन खाली बघत उभा राहिला.

"वॉटरफोर्डला ये," फेलिम त्याला म्हणाला. "तिथे शिकारबिकार काही नाही. नुसता बसायला ये."

"येईन," चंद्रहास लगेच म्हणाला. "नक्की येईन."

पूर्णिमाला रडू आलं, आणि त्याचासुद्धा तिला रागच आला.