तांड्यावर नेलेली पिठलं-भाकर

कॉलेजच्या शिबिरासाठी आम्ही दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावर उतरलो होतो. मी कळंबची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे सरांनी सांगितलेलं कोणतंही काम मी परीक्षेसारखं अंगावर घ्यायची. सरांनी मला सांगितलं, "शेवटच्या दिवशीच्या पंगतीला तांड्यातल्या बाया आल्या पाहिजेत. ते तुझ्याकडे."

पुरुषांचा प्रश्न नव्हता. नाल्यावर आम्ही रेतीच्या पोत्यांचा बंधारा घालत होतो, तिथे ते येऊन हात लावायचे, आम्ही रचलेली पोती हसत हसत पुन्हा नीट रचून द्यायचे. बाया मात्र लांबून बघायच्या, आपसात त्यांच्या गोर बोलीत काही बोलायच्या आणि निघून जायच्या.

तांड्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. ती आली असती तर बाकीच्या आल्याच असत्या. म्हणून मी रोज तिच्या अंगणात जाऊन बसायची.

"याडी, पंगतीला या ना."

"काहून?"

"जेवायला."

"आमी जेवाले सोयऱ्याच्या घरी जातो. तू मायी कोन?"

तिच्या सुनेनं पदरात तोंड घालून हसून घेतलं आणि मला हळूच सांगितलं, "तिची लेक येनार हाये तेलंगणातून. लय वर्सानं. तिच्याच नादात हाये ते, तुयाकडे कायले ध्यान देईन?"

शेवटचा दिवस उजाडला. सर पाहुण्यांना आणायला दिग्रसला गेले होते, त्यामुळे शहाणपण सगळं आमच्याकडेच होतं. शाळेच्या आवारात चूल पेटली होती, पुऱ्यांचा पहिला घाणा कढईत फुगत होता. तेवढ्यात तांड्यातून रडण्याचा आवाज आला. आधी एक बाई, मग दुसरी. लांब हेल काढून, मधे मधे शब्द गुंफून.

स्वयंपाकाचा प्रमुख घाटंजीचा एक मुलगा होता, कापसाच्या शेतीवाल्या घरातला. त्यानं झारा खाली ठेवला.

"गेलं वाटते कोनी. चूल विझव."

"अबे, आन् पुऱ्या?" कढईपाशी बसलेला दुसरा म्हणाला.

"गावात मढं हाये, आन् तू पुऱ्या तळतं? मानूस हायेस का कोन?"

चूल विझली. गाणी लावलेला भोंगा बंद झाला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर न्यायची असते. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्यात कोणी बौद्ध होतं, कोणी कुणबी, कोणी तेली, पण घरोघरी हेच बघत आम्ही मोठे झालो होतो. शाळेच्या मागे तीन विटा मांडून आम्ही मुलींनी भाकरी थापल्या. माझ्या भाकरी नेहमीप्रमाणे जाड झाल्या. मग ताटावर फडकं झाकून, माना खाली घालून आम्ही चार-पाच जण आवाजाच्या दिशेनं निघालो.

आवाज याडीच्याच अंगणातून येत होता. आत पाहिलं, तर याडी आणि तिच्याच तोंडावळ्याची एक बाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. बाजूला सून चुलीवर गुळाची लापशी हलवत होती. तिच्या तोंडावर दुःख कुठेच नव्हतं.

घाटंजीच्या मुलानं खालच्या आवाजात तिला विचारलं, "कवा गेले?"

"कोन?"

"जे गेले ते."

"गेलं कोन? नणंद आली ना मायी." तिनं आमच्या ताटाकडे पाहिलं आणि तिला काय ते समजलं. "अवो, आमच्यात लय दिवसानं भेटलं का असंच रडतात. गळ्यात पडून, गाऊन. मागं कोन मेलं, कोन जलमलं, सारं त्यातच सांगतात. माय नाही रडली तर लेकीले काय वाटीन?"

मी ताट ओढणीखाली ओढलं. लेक माहेरी आली त्या घडीला आम्ही मढ्याघरची भाकर घेऊन दारात उभे होतो. आता पंगत तर सोडाच, या अंगणात पुन्हा पाय ठेवता येईल का, हेच मला कळेना.

याडीनं डोळे पुसले. "काय आनलं?"

"काही नाही, याडी," मुलगा म्हणाला.

"मंग झाकलं काहून?"

खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी फडकं काढलं आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. याडी ऐकत राहिली.

"म्हंजे तुमी मले मारलं."

"नाही, याडी," मुलगा कळवळून म्हणाला, "तुमी तर रडत होत्या. तुमाले कसं मारू आमी?"

आधी लेक हसली. मग याडी हसली, इतकी की खाली बसली. बसल्या बसल्या तिनं एक भाकर मोडली, पिठल्याला लावून लेकीच्या तोंडात घास दिला, दुसरा आपण खाल्ला.

"भाकर जाड हाये," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग तोंडातला घास संपवून बोलली, "मढ्याच्या घरी भाकर कोन आनते? सोयराच आनते. जाय, चूल पेटव तुमची."

त्या दिवशी पंगतीला बाया आल्या. आरशांचे घागरे, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि सुनेच्या डोक्यावर लापशीचं पातेलं. चिवट झालेल्या पहिल्या घाण्याच्या पुऱ्या आम्ही शिबिरवाल्यांनी खाल्ल्या आणि त्याही मला गोड लागल्या.

पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी तांड्याच्या फाट्यावर एसटीतून उतरले. याडी बाजाराला जायला तिथेच उभी होती. मला बघताच तिनं पिशवी खाली टाकली, माझ्या गळ्यात पडली आणि हेल काढून रडायला लागली. शब्द मला फारसे कळले नाहीत. भाकरीचं काही तरी होतं, एवढं कळलं. मला गाता येत नाही, पण रडायला मात्र शिकावं लागलं नाही.

एसटी अजून उभीच होती. खिडकीतून एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "कोन गेलं व बाई?"

याडीच्या खांद्यावरून तोंड न उचलता मी म्हटलं, "कोनी नाही गेलं, आजी. मी आली."